पेटीतली पाठराखीण

वसईजवळच्या आमच्या निर्मळच्या वाडीत उन्हाला फूल दिसतच नसे. सोनचाफा, शेवंती, जास्वंदीच्या कळ्या, तुळशीच्या जुड्या, सगळं उजाडायच्या आत खुडून, ओल्या फडक्यात गुंडाळून माझा नवरा स्कूटरवरून स्टेशनावर पोचवायचा आणि तिथून ते दादरच्या बाजारात जायचं. झाडावर एखादं फूल उमललेलं दिसलं, तर सासूबाईंना मोरीत खरकटं भांडं राहून गेल्यासारखं वाटे. "फूल उमललं म्हंजे बाईचं लक्ष नव्हतं," असं त्या म्हणायच्या. ती बाई बहुतेक वेळा मीच असे.

मी घाटावरची. महाबळेश्वरच्या अलीकडे आमचं खेडं, आणि माझे वडील तिथे मधाच्या पेट्या ठेवायचे. नव्या नवरीसोबत चार दिवस सासरी राहायला माहेरची एक बाई जाते ना, पाठराखीण, तशी माझ्यासोबत कुणी आली नव्हती. आई लहानपणीच गेलेली आणि आत्या अंथरुणाला खिळलेली. सासरी आल्यावर पहिले चार दिवस मी न्हाणीघरात जाऊन रडत होते. मग महिन्याभरानं दादा, म्हणजे माझे वडील, एसटीतून मांडीवर पेटी घेऊन आले. पेटीच्या दाराला जाळी लावलेली आणि आत सातेरी जातीच्या देशी मधमाश्या गुणगुणत होत्या.

"यात काय?" सासूबाईंनी विचारलं.

"पोरीची पाठराखीण," दादा म्हणाले. "यायला जरा उशीर झाला."

सासूबाई हसल्या नाहीत. "डसतात का?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि पेटी घरापासून लांब, बावखलाच्या काठी ठेवायला सांगितली. बावखल म्हणजे वाडीतलं आमचं जुनं तळं. दादांनी तिथे आंब्याच्या सावलीत चार खुंट रोवले, त्यावर पेटी बसवली, आणि जेवून लगेच परत निघाले.

नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. पुढच्याच पावसाळ्यात दादा गेले. भावानं सगळ्या पेट्या विकून टाकल्या आणि तो पुण्याला नोकरीला लागला. गावचं घर बंद झालं. आता दादांच्या हातची अशी एकच पेटी जगात उरली होती, माझी. दिवाळीनंतर मी तिचं झाकण उघडून पाहिलं. दोन पोळ्यांवर मूठभर माश्या होत्या. बाकीची पोळी कोरडी ठणठणीत, आणि एका कोपऱ्यात मेणकिड्याची जाळी. सातेरीचा स्वभावच असा की फार उपाशी राहिली तर ती मरायचीही वाट बघत नाही, घर सोडून निघून जाते. ही गेली की माझं माहेर संपलं. मला दुसरं काही सुचेना.

मग मी दादा करायचे तेच केलं. आमच्या घाटावर थंडी म्हणजे दात वाजवणारी. दादा अशक्त पेटीला पोतं गुंडाळायचे, दार बोटभर ठेवून बाकीचं चिखलानं लिंपायचे. मी पोतं गुंडाळलं, वरून माझी गोधडीही घातली.

"मफलर राहिला गो," सासूबाई म्हणाल्या. "आनि मोजे. पाय किती असतात माशीला?"

"सहा," मी फणकाऱ्यानं म्हटलं. "तुम्ही विणून देणार असाल तर मापं आणते!"

दुपारी बघते तर माश्या दाराबाहेर गोळा होऊन पंख हलवत वारा घालत बसलेल्या! वसईची थंडी ती केवढी? पहाटे अंगावर चादर ओढावी, दहा वाजता घाम पुसावा. मी त्यांना थंडीपासून वाचवायला निघाले होते आणि बिचाऱ्या उकडून निघत होत्या. नवरा पोट धरून हसला. मी गोधडी ओढून काढली आणि त्याच्या अंगावर फेकली.

पुढचं मात्र शहाण्यासारखं केलं. रिकामी पोळी काढून घेतली, म्हणजे मूठभर माश्यांना मोठं घर राखावं लागू नये. मुंग्या चढू नयेत म्हणून खुंटांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. संध्याकाळी साखरेचा पाक, आणि त्यात माश्या बुडू नयेत म्हणून गवताच्या काड्या. पाक संपायचा, माश्या तग धरायच्या, पण वाढायच्या नाहीत. राणी अंडी घालत नव्हती. नुसत्या पाकावर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना फुलातला पराग लागतो. आणि अशक्त पेटीच्या माश्या लांब जात नाहीत, त्यांना जवळच काही मिळावं लागतं. फुलांच्या गावात माझ्या माश्या उपाशी मरत होत्या, कारण त्या जाग्या व्हायच्या आत आम्ही सगळी फुलं उतरवून मोकळे झालेले असायचो.

हे माझ्या डोक्यात शिरलं ते एका सकाळी, ओटीवर. त्या दिवशी गाडी चुकली म्हणून टोपल्या घरीच राहिल्या होत्या. ऊन वर आलं तशा माझ्या माश्या आल्या आणि तुळशीच्या जुड्यांवर बसल्या, जिथे चुकून थोड्या मंजिऱ्या फुललेल्या होत्या तिथे. सासूबाईंनी पदरानं झटकल्या. माश्या पुन्हा बसल्या. त्यांनी पुन्हा झटकल्या.

माझा ताबा सुटला. "झटकताय काय त्यांना? झाडावर एक फूल ठेवत नाही तुम्ही! त्यांनी खायचं काय, तुमचं बोलणं?"

"फूल झाडावर ठेवून काय सडवू? फुलावरच हे घर उभं हाय. आनि मोठ्या मानसाशी बोलायची ही रीत का?"

रीत नव्हतीच. पण मी माफीही मागितली नाही. मी पेटीपाशी जाऊन बसले, सासूबाई घरात जाऊन बसल्या. पुढे काही दिवस आमचं बोलणं फक्त मिठापुरतं आणि चहापुरतं.

मार्गशीर्ष लागला. गुरुवारच्या पूजेसाठी फुलांना आणि तुळशीला एवढी मागणी की पाला पाठवला तरी जावा. नवरा विळा घेऊन बावखलाकाठच्या तुळशीच्या ओळीकडे निघाला, तर सासूबाई म्हणाल्या, "ती नको तोडू. कीड लागलीय तिला."

मी जाऊन पाहिलं. पान न् पान स्वच्छ, हिरवंगार. कीड औषधालाही नव्हती. मी गप्प बसले. आयुष्यात फार कमी वेळा बसले असेन.

ती ओळ वाढली, मंजिऱ्यांनी भरली, आणि जन्मात पहिल्यांदा त्या वाडीत दिवसाढवळ्या फुलं उमललेली राहिली. ऊन पडलं की ओळ घुमायला लागायची. माश्या पायांना परागाच्या गोळ्या लावून दारातून आत शिरू लागल्या. संक्रांतीच्या आधी मी पोळं उचलून उन्हाकडे धरलं, तर घराघरात अंडी, तांदळाच्या कणीहून बारीक! मी तिथेच मोठ्यानं ओरडले. काढून ठेवलेली पोळी मग एकेक करत परत द्यावी लागली.

त्याआधी, मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी, शेजारची काकू कुंपणाशी आली. मी केळीमागे कळशी भरत होते, तिला दिसले नाही.

"काय गो, एवढी तुळस फुकट घालवलीस?" ती सासूबाईंना म्हणाली. "हात थकले का?"

"माझे हात कशाला थकतील?" सासूबाई म्हणाल्या. "सुनेची पाठराखीन हाय घरात. बापानं मांडीवर बसवून आनून सोडलेली. आता बापही नाय. तिला उपाशी ठेवू?"

कळशी भरून वाहायला लागली तरी मला कळलं नाही. दादा गेले तेव्हा चारचौघांत धड रडता आलं नव्हतं, ते सगळं तिथे केळीमागे रडून घेतलं. सासूबाई वळल्या, त्यांनी मला पाहिलं.

"रडतेस काय?" त्या म्हणाल्या. "तोंड धू, आनि ती जास्वंद बघ. उमलायला आली."