किट म्हणजे बादली

नवरा गेला तेव्हा सगळे म्हणाले, त्याचं किट विकून टाक. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं ते किट तिने विकलं नाही. खांद्याला लावलं आणि कपड्यांच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली. मुकादम हसला. महिन्याभरात तोच हाका मारू लागला, "मशीनमावशी, आधी इकडे या!"

त्या कामावर मुलगी शिकली आणि दूरदेशी नोकरीला लागली. दर रविवारी तिचा फोन यायचा. "जेवलीस?" "हो." "तब्येत?" "बरी." तीन मिनिटांत बोलणं आटपायचं आणि मावशीचा जीव खालीवर होत राहायचा. पोरीला शब्दांचं वेड. म्हणून मावशीने युक्ती काढली: दर खेपेला एक इंग्रजी शब्द विचारायचा.

एकदा म्हणाली, "किट कुठून आलं गं? तेलाचं किटण चढतं म्हणून किट का?"

मुलगी खळखळून हसली. मग शोधून म्हणाली, "आई, मूळ शब्द डच. फळ्या जोडून, भोवती कडी ठोकून केलेलं लाकडी भांडं."

"अगबाई! म्हणजे मी वीस वर्षं बादली घेऊन हिंडतेय!"

"मग सैनिकाच्या सामानाला म्हणायला लागले. त्याचं सगळं एका पिशवीत. अवजारं त्यानंतरची."

मावशी म्हणाली, "जाताना तुझीही एकच बॅग होती."

"हो," मुलगी म्हणाली. आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी सकाळीच फोन वाजला. रविवार नव्हता; मावशीने धावत जाऊन उचलला.

"आई, जुनी शिलाई मशीन घेतलीय. अडकतेय."

"फोन जवळ धर. चालव." मावशीने डोळे मिटून ऐकलं. "बॉबिन काढ. खाली दोऱ्याचा गुंता असेल."

"आहे! पण माझ्याकडे किट कुठंय?"

"भुवयांचा चिमटा आहे ना? झालं तर."

गुंता निघाला, तेलाचा थेंब पडला, मशीन धावू लागली.

"काय शिवणार आहेस?"

"काही नाही गं. आपल्या घरासारखा हा आवाज इथं हवा होता."

मावशीने फोन कानाला घट्ट लावला. "चालव," ती म्हणाली, "मी ऐकतेय."

कारखान्यात ती तासभर उशिरा पोचली. मुकादमाने विचारलं, "कुठं होता, मावशी?"

"एक मशीन होती," ती म्हणाली, "जरा लांबची."

त्या वर्षीही पोरगी सुट्टीला घरी आली नाही. रविवारच्या जोडीला बुधवारचा फोन मात्र चालू राहिला.