मामांच्या भिंतीवरचा पंडित

उभ्या रायगड जिल्ह्यात एका परमुलखातल्या, हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या म्हाताऱ्यावर जीव जडलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या सासरच्या गोतावळ्यात निघाला. माझ्या बायकोचे मामा. पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवण्यात त्यांची हयात गेली आणि निवृत्तीनंतर ते खांदा कॉलनीतल्या दोन खोल्यांत मामी आणि ‘पंडित’ यांच्यासह राहू लागले. पंडित म्हणजे भिंतीवरचं चित्र. चारशे वर्षांपूर्वी, युरोपातल्या बरोक चित्रशैलीच्या काळात, एका स्पॅनिश चित्रकाराने प्राचीन ग्रीक विद्वानाचं व्यक्तिचित्र काढलं. त्याची छापील प्रत परदेशी कॅलेंडरचं पान होऊन कुणा जहाजवाल्यामार्फत मामांच्या हाती लागली. कॅलेंडरचं वर्ष संपलं, पान चौकटीत गेलं. फाटका अंगरखा, पिंजारलेली दाढी, मळकी नखं, हातात कागद न् कंपास, आणि तोंडभर हसू. “या चित्रकाराने काय केलं माहीत आहे?” मामा प्रत्येक पाहुण्याला सांगत. “विद्वान काढायचा म्हणून राजवाड्यात नाही गेला. बंदरावर गेला, एका हमालाला धरून आणलं आणि म्हणाला, बैस, आजपासून तू पंडित!” सांगताना मामा असे खूश होत, की हमाल उरणचा होता आणि त्याला शोधून देणारे ते स्वतःच होते असं वाटावं.

आता आपल्याकडे भिंतीवर चौकटीत दाढीवाला म्हातारा असला, की तो एक तर दिवंगत वडील असतो नाहीतर कुणी महाराज. तिसरी सोयच नाही. त्यामुळे नवा माणूस घरात आला की चपला काढून आधी पंडिताला हात जोडी. शेजारच्या काकूंनी एका गुरुपौर्णिमेला त्याला चंदनाचा हार घातला आणि काचेवर कुंकवाचं बोट लावलं. खारघरहून आलेल्या एका लांबच्या वहिनींनी तर हळव्या आवाजात “अण्णांची तिथी कधी असते हो?” असं विचारलं. मामींचं डोकं फिरलं. “अहो, माझे सासरे रोज गुळगुळीत दाढी करायचे!” मामा मात्र शांत. “असू दे गं, नमस्कार कुठेतरी पोचतोच,” म्हणाले आणि काचेवरचं कुंकू रुमालाने पुसू लागले, कारण ते नेमकं पंडिताच्या कपाळावरच्या उजेडावर लागलं होतं.

उजेड हे मामांचं खरं वेड. चित्रात उजेड डावीकडून, वरून येतो, म्हणून बाहेरच्या खोलीतल्या दोन खिडक्यांपैकी एक कायमची बंद आणि दुसरीचा खालचा पडदा ओढलेला. पाहुण्यांनी चहा अंदाजाने प्यायचा. “चहात माशी पडली तर माणसाला कळायला नको का?” असं मामी विचारत. “माशीवर उजेड कसा पडलाय ते बघ,” असं मामा म्हणत. रस्त्यातही तेच. बोलता बोलता समोरच्याचे दोन्ही खांदे धरायचे आणि “जरा असे उजेडाकडे वळा बघू” म्हणायचं. मासळी बाजारात एकदा पापलेटं सोडून ते एका म्हाताऱ्या कोळणीच्या सुरकुत्या न्याहाळत उभे राहिले. ती म्हणाली, “ओ मास्तर, मावरा घ्याचा हाय का नुसता बगाचा हाय?” “बघायचंय,” मामांनी खरं ते सांगून टाकलं. पुढे तिने जे सुनावलं ते इथे देता येत नाही. त्या दिवशी घरी वांग्याची भाजी झाली.

पण ज्या उजेडासाठी एवढा अट्टहास केला, त्यानेच दगा दिला. वर्षानुवर्षं त्या एका खिडकीतलं ऊन चित्रावर पडत राहिलं आणि रंग उडाले. तपकिरी अंगरखा राखाडी झाला, मग नुसताच धुरकट. तेव्हापासून मामांनी एकच ध्यास घेतला. मूळ चित्र स्पेनमधल्या संग्रहालयात आहे. तिथे जायचं आणि त्या अंगरख्याचा खरा रंग एकदा डोळ्यांनी बघायचा. माझ्या बायकोने मोबाइलवर शोधून दाखवला, तर एका ठिकाणी तो चॉकलेटी, दुसरीकडे हिरवट, तिसरीकडे काळा. मामा भडकले. “तीन साक्षीदार आणि तिघेही खोटे!” पासपोर्ट काढला, तो न वापरताच संपला, पुन्हा काढला. आधी मामींच्या गुडघ्यांचं ऑपरेशन आलं, मग साथीचे दिवस आले, मग विमानतळ इथेच होतोय तर इथूनच जाऊ, असं ठरलं. विमानतळ झाला, विमानं कॉलनीवरून जाऊ लागली, तोवर मामांच्या डोळ्यांनी हात टेकले होते. डॉक्टर म्हणाले, कडेकडेचं दिसेल, मधलं नाही. म्हणजे समोर माणूस बसला तर त्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. चेहऱ्यांवर जगलेल्या माणसाला ही शिक्षा कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

मग या हिवाळ्यात त्यांचा जुना विद्यार्थी सलीम कंपनीच्या कामासाठी स्पेनला गेला. हा मूळचा पनवेलच्या मोहल्ल्यातला, आता दुबईला नोकरीत. त्याने थेट चित्रासमोरून व्हिडिओ कॉल लावला. आम्ही सगळे जमलो होतो. मी फोन मामांपुढे धरला. त्यांनी मान तिरकी करून बघितलं, पुन्हा बघितलं, मग फोन हातात घेऊन, स्पीकर चालू असतानाच, सरळ कानाला लावला.

“सलीम, अंगरख्याचा रंग सांग.”

“ब्राउन आहे, सर.”

“ब्राउन म्हणजे काय? असं शिकवलं होतं का मी? नीट बघ.”

पलीकडे चित्राजवळ सरकणारी पावलं वाजली. मग सलीमचा हलका आवाज आला. “सर, तुमी आमाला ड्रॉइंगला खाडीवर न्यायचे ना? ओहोटीला पानी उतरल्यावर जो ओला चिखल दिसतो, तसा आहे. पण नुसता चिखल नाय. संध्याकाळचं ऊन पडलं की त्याच्यात जरासा तांबूस चमकतो ना, तसा, खांद्यावर. खाली अंधेरा आहे, पण काळा नाय सर, त्याच्यात पण रंग आहे. खुदा कसम, फोनमधे हे काहीच येत नाय.”

मामा डोळे मिटून ऐकत होते. “आणि बघतोय कुणाकडे?”

“माझ्याकडेच बघतोय, सर.”

तिथल्या रखवालदाराने हटकलं असावं, फोन बंद झाला. घरात आनंदीआनंद. बायको म्हणाली, “मामा, झालं की हो अखेर दर्शन!” मामा हसले. “पोरगं छान बघतं. शिकवलेलं वाया नाही गेलं.” मग जरा थांबून म्हणाले, “पण मला बघायचं होतं गं.”

स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत असलेल्या मामी पुढे आल्या. या बाईने त्या चित्राला जन्मभर सवत म्हटलं होतं. त्या मामांच्या शेजारी बसल्या.

“खांद्यावर तांबूस म्हणाला ना तो?” मामांनी विचारलं.

“हो. चिखलावर ऊन पडतं तसा.”

“आणि खाली?”

“खाली अंधार. पण काळा नाही हो,” मामी म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपून त्यांना ते सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगू लागल्या.