सूर मिळू दे

“काय घाई शे भो? सूर मिळू दे.” असं म्हणून तो एक कान हेडफोनमध्ये आणि दुसरा मांडवात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि हळूच गुणगुणायचा. इकडे नवरदेवाचे मित्र नाचायला खोळंबलेले आणि मांडववाला म्हणून शिव्या मला. पण हा ढिम्म.

मी धुळ्याचा, तो जळगावच्या मेहरूणचा. लग्नसराईत मांडव माझा, डीजे त्याचा, अशी आमची जोडी खानदेशभर फिरायची. तुम्ही आमच्याकडच्या वराती पाहिल्या असतील तर डीजे म्हणजे काय ते सांगायला नको. छातीत धडकी भरते. तोही वरातीत तसंच वाजवायचा, पोटासाठी. जीव मात्र डीप हाऊसमध्ये. संथ, मऊ, बहुतेक बिनशब्दांचं संगीत. खाली एकसारखा ठोका आणि वर सुरांची साय. एक ट्रॅक संपता संपता दुसरा त्यात मिसळायचा, आणि तेव्हा दोघांचे सूर जुळले नाहीत तर दाताखाली खडा आल्यासारखं होतं, हे मला त्यानंच शिकवलं. लॅपटॉप सूर दाखवतोच, तरी हा गुणगुणून पाहणार. मी म्हणायचो, पत्रिका जुळवतोयस का रे? तर अगदी गंभीरपणे हो म्हणायचा.

हे वेड त्याच्या मायकडून आलेलं. ती हळदीची गाणी म्हणायची. हळद लावताना म्होरकी बाई एक कडवं म्हणते, बाकीच्या बाया ते उचलतात. मेहरूणमध्ये म्होरकी म्हणजे हीच. मग मांडवामांडवांत डीजे आले आणि तिला बोलावणी येईनाशी झाली. एकदा त्याला जेवायला वाढताना ती म्हणाली, तुझ्या भोंग्यांनी बायांची तोंडं बंद केली. रागानं नाही, सहज. पण त्याला ते फार लागलं. मायनं एकदा तरी पुन्हा मांडवात म्हणावं, हा ध्यासच घेतला त्यानं.

त्याच्या भाचीची हळद धुळ्यात होती. तोवर मायला छातीचं दुखणं जडलेलं, दोन पायऱ्या चढली की धाप. त्यानं गायला सांगितलं तेव्हा तिनं नकाराची मान हलवली. “आते मना आवाज निंघत नही, भाऊ.”

तो तिच्या पायाशी बसला. “तू म्हन माय. मी शे ना.”

म्हणाली ती. त्यानं ट्रॅकचा ठोका काढून टाकला, नुसते सूर ठेवले, अगदी हलके, तिच्या आवाजाखाली गोधडी अंथरावी तसे. दुसऱ्या कडव्याला तिचा आवाज खाली घसरला. त्यानं ट्रॅकचा सूरही तेवढाच उतरवला. पुन्हा घसरला, पुन्हा उतरवला. ती थकलीय हे मांडवात कुणाच्या लक्षातही आलं नाही. बाया कडवी उचलत होत्या. मी खांबाला टेकून रडलो, लपवू कशाला? गाणं संपल्यावर माय त्याला एवढंच म्हणाली, की आज दम लागला नाही.

दिवाळीच्या आधी ती गेली.

पुढच्या लग्नसराईत नरडाण्याला हळद होती, भर दुपारची. मुलीला हळद लागायला सुरुवात झाली आणि त्यानं तोच ट्रॅक लावला, ठोका काढलेला, माय शेवटी ज्या सुरावर आली होती त्याच सुरात. बाया बसलेल्या, पण म्होरकी कुणी नाही. कुणी तोंड उघडेना. मुलीचा बाप माझ्याकडे आला. म्हणाला, काहीतरी गाणं लावायला सांगा, फार सुनं वाटतंय. मी त्याच्यापाशी गेलो. हेडफोन गळ्यात, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

“थांब भो,” तो म्हणाला. “माय कडवं म्हनी राहिनी.”

मी परत आलो आणि मुलीच्या बापाला सांगितलं, जरा थांबा, होतंच आहे.