मागचं बटन

सुतारकाम सोडून बरीच वर्षं झाली, तरी त्यांना मिस्त्री म्हणायचं कुणी सोडलं नाही. माणूस भारी हौशी. तरुणपणी गाण्याच्या वेडापायी त्यांनी एक सबवूफर, म्हणजे नुसता घुमणारा खर्ज काढणारा स्पीकर घेतला, त्याचं खडखडणारं खोकं काढून फेकलं आणि स्वतःच्या हातानं जाड फळ्यांची पेटी केली. आवाजाचं बटन तेवढं मागे, भिंतीकडे राहिलं. त्या बटनावरून नवराबायकोत वर्षानुवर्षं मुकी लढाई चालली. दुपारी आडवं व्हायच्या आधी मिस्त्रीणबाई बटन पार शून्यावर नेणार, संध्याकाळी मिस्त्री ते पुन्हा चढवणार. यावर दोघांनी कधी चकार शब्द काढला नाही.

पुढे बाईंचे कान गेले. आधी बारीक सूर, मग शब्द. कानातलं यंत्र टोचतं म्हणून ते डबीतच पडून. गाणी लागली की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. एकट्यानं काय ऐकायचं, म्हणून मिस्त्रींनी पेटी माळ्यावर टाकली.

परवा लेकीनं नवं होम थिएटर आणलं. बाई कौतुकानं टीव्हीसमोर बसल्या. "नुसते ओठ हलताना दिसतात," म्हणाल्या आणि उठल्या. तेवढ्यात रस्त्यावरून काहीतरी अवजड धडधडत गेलं, तशा बाई दारातच थबकल्या. "ट्रक गेला ना?" त्यांनी विचारलं. कानांना नव्हे, तळपायांना कळलं होतं! मिस्त्री तडक माळ्यावर चढले आणि पेटी खाली घेऊन आले.

"बाबा, हे जुळायचं नाही," लेक म्हणाली. "नव्याला वूफरसाठी एकच गोल भोक आहे, आणि तुमच्या पेटीला नुसते तारांचे चिमटे."

"मग तारांनीच जोडू की! तारांना काय धाड भरलीय?"

पुढच्या दोन स्पीकरच्या तारा जिथून निघत होत्या, तिथूनच मिस्त्रींनी आणखी तारा पेटीपर्यंत ओढल्या. लालला लाल, काळ्याला काळी. लेकीनं टीव्हीवर सेटिंग उघडून पुढचे स्पीकर 'मोठे' आहेत असं यंत्राला सांगितलं, म्हणजे खर्जाचा आवाज त्याच तारांमधून पेटीत जाईल. पेटीची पिन लावली. दिवा लागला. गाणं सुरू झालं आणि पेटी ढिम्म.

तारा काढल्या, घासल्या, पुन्हा लावल्या. तरी ढिम्मच. बापलेक जमिनीवर पालथे पडून एकमेकांना अक्कल शिकवू लागले. मिस्त्रींचा चेहरा एवढासा झाला. "गेली बिचारी," ते पुटपुटले.

हा पसारा काय म्हणून बघायला बाई आल्या. पेटी पाहिली आणि गालातल्या गालात हसल्या. पेटी माळ्यावर गेली त्या दुपारी बटनाची शेवटची पाळी कुणाची होती, हे त्या घरात एकट्या त्यांनाच ठाऊक होतं. त्या वाकल्या, सवयीनं मागे हात घातला आणि बटन फिरवलं, आयुष्यात पहिल्यांदाच उलट्या दिशेला.

धम्म! खिडकीच्या काचा थरथरल्या. बाई पेटीला खेटून खाली बसल्या, दोन्ही तळवे फळीवर टेकले, आणि जरा वेळानं त्यांची मान ठेक्यावर डोलू लागली. "अहो, हे ते आपलं गाणं!" त्या ओरडल्या. मिस्त्री शेजारी बसले.

दारावर थापा पडल्या. शेजारी वैतागला असणार. मिस्त्रींनी आवाज कमी करायला मागे हात नेला, तोच बाईंनी त्यावर चापट मारली.

"खबरदार! आत्ता कुठे ऐकू येतंय मला."

मिस्त्रींनी मुकाट हात मागे घेतला आणि डोळे पुसत, हसत, शेजाऱ्याची माफी मागायला गेले.