सायमन सरांचं खुणेचं नाव

सायमन सर माईक घेऊन स्टेजवर आले आणि म्हणाले, मलापण खुणेचं नाव द्या. मार्थाबायने ते हातांनी मला कळवलं. पण सरांना नाव देऊन झालं होतं. दुपारीच. पुढच्या दोन रांगांत आमचे बहिरे दोस्त बसले होते, त्या सगळ्यांना ते पाठ होतं.

खुणेचं नाव म्हणजे काय, ते सांगतो. आमच्यात एकेक अक्षर करून नाव कोण घेत बसतो? माणूस नीट बघायचा, त्याची एक लकब उचलायची, तिची खूण करायची. झालं नाव. माझं तेव्हा ‘खळी’ होतं. गालावर बोट टेकवून जरा फिरवायचं. मला ते फार आवडायचं. नाव दुसऱ्यांनी द्यायचं, स्वतः घ्यायचं नाही, आणि एकदा दिलं की बदलायचं नाही, हा आमचा रिवाज. शोमध्ये मी तो लोकांना समजावून सांगायचो. सरांनी तेच ऐकून हात वर केला होता.

मी देगलूरकडचा. सातवीत शाळा सुटली, पुढं बहिऱ्यांची शाळा जवळ नव्हती. वसईजवळ आचोळ्याला दोस्त दिलीपच्या खोलीत राहून मी स्टेजवर खुणांची गाणी आणि मूकनाट्य करायचो. दिलीपही बहिराच. मार्थाबाय वसईची. तिचा भाऊ बहिरा, म्हणून खुणा तिला घरातूनच येत. मी हात चालवायचे, तिने ते वाचून माईकवर बोलायचं. याला व्हॉइसिंग म्हणतात. ती नसती तर लोकांना वाटलं असतं, हा माश्या हाकलतोय.

त्या दिवशी वसईजवळच्या भुईगावात चर्चच्या सणाचा प्रोग्राम होता. सायमन सर रिटायर हेडमास्तर. आसपासच्या शाळांचे प्रोग्राम तेच ठरवायचे. शो पसंत पडला तर आम्हाला वर्षभर शाळांत काम मिळणार होतं. नाहीतर मला गावी परत जावं लागलं असतं. मी सकाळपासून विंगेत नखं खात होतो.

दुपारी रिहर्सल झाली. समुद्राकडून वारा सुटला होता. सरांनी एका कानावरचे केस टकलावरून दुसऱ्या कानापर्यंत नेऊन बसवलेले. वाऱ्याने ते उभे राहायचे, सर तळहाताने परत निजवायचे. दिलीपने एकदा तशी खूण केली. संपलं. चहा येईपर्यंत नाव पक्कं. आम्ही सरांच्या समोरच त्यांच्याबद्दल बोलत होतो आणि सर कौतुकाने बघत होते.

आता स्टेजवर मी विचार करतोय असं दाखवलं आणि घाईघाईत ‘चष्मा’ अशी खूण केली. पुढच्या रांगांतून माना हलल्या. चालणार नाही. दिलीप तर उभाच राहिला आणि त्याने डोक्यावरून ऐटीत तळहात फिरवला. मागोमाग दोन्ही रांगांनी फिरवला.

सरांनी विचारलं, याचा अर्थ काय?

मी मार्थाबायला खूण केली, “काहीतरी सांग. पाया पडतो.”

ती माईकवर काय बोलली, ते तिने मला नंतर सांगितलं. सगळ्या शाळांचा भार सरांच्या डोक्यावर, म्हणून हे नाव. सर खूश झाले. त्यांनी स्वतः ती खूण करून दाखवली. मग सगळं पटांगण डोक्यावरून हात फिरवू लागलं, फादरसुद्धा.

चार दिवसांनी सरांनी आम्हाला घरी बोलावलं. मार्थाबाय मध्ये बसली. सर शांतपणे बोलले, तिने हातांनी मला सांगितलं, “रोज सकाळी आरशासमोर मी हेच करतो. मला कळणार नाही होय?”

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि दातांशी नखं नेऊन कुरतडल्यासारखं केलं.

“हे तुझं नाव. दुसऱ्यांनीच द्यायचं असतं ना? आता सोमवारपासून शाळेत शो करायला ये.”

मी इतक्यांदा हात जोडले की शेवटी मार्थाबायने ते खाली ओढले. संध्याकाळपर्यंत तिने माझं नवं नाव दिलीपला सांगितलं आणि दिलीपने विरारपर्यंत पोचवलं. नाव बदलायचं नाही हा रिवाज माझ्यापुरता कुणी पाळला नाही, खळी गेली ती गेलीच. पुढं सरांनी ते केस कापून टाकले, तरी त्यांचंही नाव तेच राहिलं.

एवढंच शिकलो, की ज्याच्या हातात आपलं काम आहे त्याला नाव द्यायचं असेल, तर आधी आपली नखं खिशात घालावीत.