आपला जिल्हा, त्यांचा जिल्हा

नांदेड सोडून औसा तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका म्हणून रुजू झाले, ते वर्ष दुष्काळाचं होतं. पहिलीचा वर्ग माझ्याकडे. रांजणात प्यायलाच पाणी नसे, तिथं पाटी पुसायला ओला फडका कुठून आणणार? पोरं थुंकीनं पाट्या पुसायची आणि दुपारी तोंडं कोरडी पडली की एकमेकांकडं उसनी थुंकी मागायची. टँकरचा हॉर्न ऐकू आला की वर्ग आपोआप सुटायचा. मोठी माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलेली, घागर धरायला घरात हीच पोरं. मी अडवत नसे.

त्याच वर्षी आमचा भाग उस्मानाबादेतून निघाला आणि लातूर हा नवा जिल्हा झाला. मी फळ्यावर ते लिहिलं आणि पोरांकडून घोकून घेऊ लागले. सगळी बेंबीच्या देठापासून ओरडत होती. पुढच्या रांगेतली एक मुलगी तेवढी गप्प होती. एरवी वर्गात सगळ्यात मोठा आवाज तिचाच. काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं मलाच विचारलं,

"बाई, उस्मानाबाद आता आपलं न्हाई?"

"नाही बाळा. आता आपलं लातूर."

"मग माझी माय तिकडंच ऱ्हाईल का?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं. मग बाकीच्या पोरांनी सांगितलं की तिच्या आईला कावीळ झालीय. मामा उस्मानाबादला नोकरीला, म्हणून तिथल्या दवाखान्यात ठेवलंय. मी तिला परोपरीनं समजावलं, पण पटलं नाही. शेवटी तिच्या वडिलांना भेटले. रविवारी ते दवाखान्यात निघालेच होते. लेकीला सोबत घ्या, मीही येते, म्हटलं.

एसटीत ती खिडकीशी बसली. गाव आलं की कंडक्टरला विचारायची, हे आपलं हाय का त्यांचं? त्यानं आधी नीट सांगितलं. मग कंटाळून सगळंच आपलं म्हणू लागला. ती खूश झाली.

आईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. उठून बसायचं बळ नव्हतं, तरी लेकीला पाठमोरी बसवून ती वेणी घालायला लागली. बोटांत जोर नसल्यानं पेड सुटायचा, ती पुन्हा घालायची. आम्ही कुणी मदतीला हात पुढं केला नाही. मुलीनं तिला जिल्ह्याचं सगळं सांगितलं. ती आवाज न करता हसली. निघताना मला म्हणाली, "लई बोलती, बाई. पण मारू नका."

परतीचा पाऊस पडायच्या आधीच तिची आई गेली.

दिवसकार्य झाल्यावर मुलगी शाळेत आली. बाराखडी म्हणायची, शाळेत मिळणारी सुकडी खायची, रडायची नाही. एका दुपारी पाटी दाखवायला माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माय, बघ की." कुणाच्या तोंडून असं चुकून निघालं की पहिलीचा वर्ग लोळून हसायचा. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिचं तिलाच कळलं आणि ती माझ्या पदरात तोंड खुपसून रडायला लागली. मग मागची दोघंतिघं रडली, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नसावं. मी तिचा 'क' बरोबर आहे म्हणत राहिले. तो उलटा होता.

उन्हाळ्यात वडिलांनी तिला उदगीरच्या पलीकडं, आजीकडं नेऊन सोडलं. तिथं घरात कानडी बोलत. परतताना ते शाळेपाशी आले. पोरगी रडली नाही, आजीच्या कुशीत झोपली, तशीच ठेवून निघालो, असं म्हणाले आणि पायरीवर बसले. बराच वेळ उठले नाहीत. मी वर्गाला घंटेआधीच घरी सोडलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.