करंट गेल्यावरची गिटार

कुणाच्याही घरी गेलं की माणूस चपला काढतो, पाणी घेतो, घरच्यांची चौकशी करतो. करंटमास्तर दारातूनच विचारायचा, "बोर्ड कुठं हाय?" मग शर्टाच्या खिशातून, जिथं बाकीचे लोक पेन लावतात तिथून, टेस्टर काढायचा, प्लगात घालायचा आणि त्यातला लाल दिवा लागला की मगच बूड टेकायचा. लग्नाचा मांडव असो नाहीतर मयताचं घर. मूळचा किनवटचा, धंद्यानं वायरमन, आणि अख्ख्या लातुरात करंटवर चालणारी गिटार त्याच्या एकट्याकडे. म्हणून करंटमास्तर. मी त्याला तोंडावर मास्तर म्हणायचो, अहोजाहो करायचो. मनात मात्र 'करंटा' म्हणायचो, आणि त्यात मला फार समाधान मिळायचं.

आमच्या ऑर्केस्ट्रात मी साधी गिटार वाजवायचो, लाकडाची, पोकळ. त्यावरून त्यानं माझं नाव पाडलं, साध्या. "साध्या, तू ताल धर, मी जाऊन येतो," असं म्हणून तो स्टेजच्या टोकाला जायचा आणि पाय फाकवून गिटार अशी किंचाळायला लावायचा की हळदीला आलेल्या म्हाताऱ्यासुद्धा माना डोलवायच्या. रॉक हा प्रकार आमच्याकडे त्यानंच आणला. तो 'राक' म्हणायचा. "राक म्हंजे काय लई मोठं न्हाई. मनातलं भांडण तारंवर काढायचं." मी मागे, ड्रमच्या आडोशाला, खुर्चीवर बसून ताल धरायचो. तो जायचा आणि टाळ्या घेऊन परत यायचा.

जळायला तेवढंही पुरलं असतं. पण खरं जळणं सुरू झालं ते भूकंपानंतरच्या हिवाळ्यात.

पत्र्याच्या शेडांची वस्ती होती. छताखाली बसायला लोक तयार नव्हते, म्हणून उघड्या रानात दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला आणि तिसऱ्या गाण्यात करंट गेला. मिट्ट काळोख. कुणीतरी ओरडलं, "हाललं! हाललं!" लेकरं रडायला लागली, बाया उठल्या, माणसं एकमेकांवर आदळायला लागली. करंटमास्तरची गिटार मुकी. माझे पाय असे लटपटत होते की पळणंही जमेना, म्हणून हात चालू राहिले, एवढंच. माझ्या आईच्या तोंडी एक पाळणा होता, तोच वाजवत बसलो. हळूहळू रडणं कमी झालं. कुणीतरी "बसा, बसा खाली" म्हणालं. मग बांगड्यांचे आवाज आले, आणि लोक बसले. करंट येईपर्यंत मी तो पाळणा सोडला नाही.

दिवे लागले तेव्हा लोकांना काय दिसलं? स्टेजच्या टोकाला, गळ्यात गिटार अडकवलेला करंटमास्तर. टाळ्या थांबेनात. त्यानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि लोकांपुढे हात जोडले.

दुसऱ्या दिवसापासून गावोगावी एकच गोष्ट. करंट गेला, तरी करंटमास्तरची गिटार वाजून राहिली होती म्हणे! मी कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं त्यानं, मी का सांगू? ऑर्केस्ट्रा सोडला, गिटार माळ्यावर टाकली आणि फिजिक्सचा क्लास काढला. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. माझाही चालला, बॅचवर बॅच भरल्या. म्हटलं, आता टाळ्या नकोत. पण एकदा विद्युतधारेचा धडा शिकवत होतो, तर उदगीरचा एक पोरगा उभा राहिला. "सर, करंट नसताना करंटमास्तरांची गिटार कशी काय वाजली?"

"वाजत नसते," मी म्हणालो.

"न्हाई सर, माझ्या आईनं ऐकलीय."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू आपटला आणि पुढचं सूत्र लिहिलं. त्या पोराला नंतर वर्षभर मी पहिल्या बाकावर बसू दिलं नाही. खोटं कशाला बोलू?

पुढे मास्तरची बोटं थरथरायला लागली. डॉक्टरांनी आता बस म्हणून सांगितलं. तर या गृहस्थानं शेवटचा दौरा काढला! देवणी, उदगीर, नांदेड आणि शेवटी लातूर. पोस्टरवर तीच लाल गिटार आणि तेच फाकलेले पाय. लातूरच्या कार्यक्रमाआधी तो माझ्याकडे आला. "साध्या, रविवारी चार वाजता. तुझी खुर्ची ठेवतो. साधी गिटार मी आणतो."

"रविवारी टेस्ट असते, मास्तर."

"बरं," म्हणाला आणि गेला.

त्या रविवारी टेस्ट नव्हती. मी गेलो आणि शेवटच्या रांगेत बसलो, तो कसा चुकतो ते बघायला. तो चुकला नाही. बोटं थरथरत होती, पण ती थरथरही त्यानं सुरात घेतली, मेल्यानं. दौऱ्यात गावोगावी फिरलेली अभिप्रायाची वही आता हॉलमध्ये रांगेरांगेतून फिरत होती. माझ्याकडे आली तेव्हा मी वाचली. देवणीच्या एका मास्तरीणबाईंनी लिहिलं होतं, "त्या अंधारात तुमच्या गिटारीनं माझं लेकरू झोपलं." उदगीरच्या एका अडत्यानं लिहिलं होतं, "सगळं विसरीन, करंट गेल्यावरचा पाळणा विसरणार नाही." नांदेडचा एक डॉक्टर, म्हणजे माझाच जुना विद्यार्थी, त्यानंही तेच. पानामागून पान. मी वही मिटली आणि काही न लिहिता पुढे सरकवली.

शेवटी मास्तरनं स्वतःच्या हातानं गिटारीची वायर उपटली. स्टेजवर बाजूला एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर साधी गिटार. तो माइकवर आला. "त्या अंधारात तुम्ही आयकलं ते माझं नव्हतं. माझी गिटार तवा मेलेली होती. वाजवणारा हा खुर्चीवाला होता, आपला साध्या. इथं असल तर त्यानं यावं."

मी उठायला हवं होतं. गुडघे तसेच लटपटले, पण यावेळी हातसुद्धा चालले नाहीत. खुर्चीचा दांडा धरून बसलो. तेवढ्यात माझ्या शेजारचा माणूस डोळे पुसत म्हणाला, "बघा, केवढं मन हाय! सोताचं नाव दुसऱ्याला देऊन राहिला!" आणि अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. म्हणजे कबुली दिली तरी मोठेपणा त्याचाच! तळपायाची आग मस्तकात गेली. मास्तर बराच वेळ रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला, मग हात जोडून आत गेला.

आठवड्यानं तो क्लासवर आला. पहिल्यांदाच त्यानं बोर्ड कुठे आहे ते विचारलं नाही. काखेत वही होती, हातात साधी गिटार.

"तू आल्ता. मागं बसला होतास. मी बघितलं."

मी डस्टर उचलून फळा पुसायला लागलो.

"तुला वाटत असल, मास्तरनं आपलं नाव खाल्लं. खाल्लं. पण ही वही वाच. जल्मभर बोटांची सालपटं काढून वाजवलं, त्यातलं एक बी कुणी लिवलं न्हाई. समदे त्या अंधाराचंच लिहून राहिले. जे माझं न्हाई तेवढंच लोकांच्या ध्यानात. मी जळत नसन का तुझ्यावर?"

इतकी वर्षं जळण्याचा मक्ता माझ्याकडेच आहे अशा समजुतीत मी होतो. मी एवढंच विचारलं, "मग त्याच दिवशी का नाही सांगितलं, मास्तर?"

"टाळी लई गोड असती रे," तो म्हणाला. मग गिटार माझ्यापुढे धरली. "आता वाजव. मी एकदा नीट आयकतो. त्या दिवशी भ्यालो होतो, आयकलंच न्हाई."

बाहेर पाचची बॅच ताटकळत उभी होती. "पोरं खोळंबलीत, मास्तर. नंतर बघू."

"हाव. नंतर." वही आणि गिटार टेबलावर ठेवून तो जिना उतरला. तिथून किनवटला लेकीकडे गेला. पावसाळा सरायच्या आत तिचा फोन आला, बाबा गेले म्हणून.

त्या दिवशी मी दुपारच्या बॅचला सुट्टी दिली. दार लावून घेतलं, गिटार लावली आणि पाळणा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवला. ऐकायला समोर बाकं होती. मग वही काढून शेवटच्या पानावर लिहिलं, "त्या अंधारात वाजवत होतो तो मी." खाली सही करताना माझं नाव काही हाताला येईना. जे नाव इतकी वर्षं मनातल्या मनात दुसऱ्याला ठेवलं, ते मलाच शोभत होतं. मी सही केली, 'करंटा'.

उद्या कुणी ही वही उघडली तर म्हणेल, हे करंटमास्तरनंच लिहिलंय.

म्हणू दे.